नावापुढची एक रिकामी जागा

माझ्या धंद्याला धड नाव नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं, काय करता, की मी सांगते, जुन्या कॉम्प्युटरातली माहिती नव्यात नेऊन घालते. समोरची बाई 'अस्सं' म्हणते आणि जिलेबीकडं वळते. छप्पन्न वर्षांची, बिनलग्नाची, आणि काम हे असलं. माझ्याशी काय बोलावं ते लोकांना सुचत नाही, त्यात त्यांचा तरी काय दोष! मी प्रमिला चौगुले. जयसिंगपुरात स्टेशन रोडला बियाण्याच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. एकीत मी बसते, दुसरीत मशीनं.

दोन हजार छत्तीसच्या फेब्रुवारीत माझ्याकडं गावच्याच एका धर्मादाय रुग्णालयाचं काम आलं. रुग्णालय बंद पडून दहा वर्षं झालेली, इमारतीत आता मंगल कार्यालय आहे. पण त्याचे जुने कागद 'कुलवेध'ला हवे होते.

कुलवेध आता घराघरात माहीत आहे, तरी सांगते. तुमच्या आजीला कुठला आजार होता, पणज्याचं हृदय कसं होतं, हे जुन्या रुग्णालयांच्या नोंदींतून शोधून काढायचं, आजार वंशात उतरणारा असला तर हयात असलेल्या प्रत्येक वारसाच्या आरोग्य-खात्यावर पत्र टाकायचं: अमुक तपासणी करून घ्या. पत्र मशीनच पाठवतं, कुणाला विचारत नाही. माझ्या ओळखीच्या दोन बायका त्या पत्रामुळं आज हिंडत्याफिरत्या आहेत. मी त्या मशीनला नावं ठेवणार नाही.

पुढचं समजायला एवढं कळलं पाहिजे. बँकेच्या फॉर्मवर नावासाठी चौकटी असतात, एका अक्षराला एक. तशाच जुन्या कॉम्प्युटरात नावाला ठरलेल्या तीस चौकटी असत. नाव बारा अक्षरांचं असो की पंचवीस, चौकटी तीसच. उरलेल्या चौकटींत मशीन बहुतेक ठिकाणी स्पेस भरायचं, म्हणजे कोरी जागा. म्हणून दोन नावं ताडून बघताना शेवटच्या कोऱ्या जागा मोजायच्याच नाहीत, असा नियम होता. आमच्या रुग्णालयाचा प्रोग्राम मात्र कुणा विश्वस्ताच्या भाच्यानं घरी बसून लिहिलेला. त्यानं उरलेल्या चौकटींत स्पेस न भरता शून्याची खूण भरली. पडद्यावर दोन्ही कोरंच दिसतं, पण आत फरक राहिला. माणसानं बोटानं दाबलेली स्पेस वेगळी आणि मशीननं भरलेली चौकट वेगळी.

जुन्या प्रोग्रामला या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. कुलवेधला आहे. ते नावातल्या प्रत्येक चिन्हावरून एक लांबलचक आकडा काढतं, आणि आकड्याला आकडा जुळला तरच कागद माणसाला जोडतं. नावाच्या शेवटी एक स्पेस जादा असली की आकडा पार बदलतो. चार लाख नोंदी सुरळीत जुळल्या, तीनशे अठरा अडल्या. या अडलेल्या प्रत्येक नावाच्या शेवटी स्पेस होती.

यावर औषध सोपं आहे. शेपटी छाटायची. एका ओळीची आज्ञा, पहिल्याच दिवशी शिकवतात. मी ती टाइपही केली होती. पण माझा स्वभाव मेला असा की घाण का झाली ते कळल्याशिवाय केरसुणी हातात धरवत नाही.

त्या भाच्यानं एक काम चांगलं केलं होतं: कुठली नोंद कुणी, कधी बदलली याची वही मशीनमध्येच ठेवली होती. ती उघडली तर सगळ्या स्पेस एकाच ऑपरेटरच्या. कुठं एक, कुठं तीन, एका नावापुढं तर पाच. आणि त्या वर्षागणिक कमी होत गेलेल्या. हात चुकून तीन वेळा स्पेस पडते, मान्य. पण दोन-तीन वर्षांनी त्याच नावावर परत येऊन कुणीतरी एकच स्पेस खोडतं, पुन्हा काही वर्षांनी दुसरी खोडतं, हे चुकून होत नाही. नावं मात्र मी वाचली नाहीत. या धंद्यात नावं वाचायला लागलं की काम उरकत नाही.

त्या ऑपरेटर मगदूमबाई. एक्क्याऐंशी वर्षांच्या, उदगावात मुलाकडं राहतात. मी गेले तेव्हा पडवीत बसून शेंगा फोडत होत्या. कामाचं सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, एवढ्या वर्षांत हे विचारायला आलेली तू पहिली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या काळी स्थळ पक्कं करायच्या आधी मुलाकडची माणसं चौकशी करत. शेजारी करत, देवळात करत आणि रुग्णालयातही करत. कुणाचा ना कुणाचा कंपाउंडर ओळखीचा निघायचाच. बघ की जरा, त्या घरात काही आजारबिजार आहे का. एका नोंदीपायी घरातल्या सगळ्या मुली बिनलग्नाच्या राहायच्या. म्हणून डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं की बायका खिडकीशी येऊन रडायच्या, मुलींची लग्नं व्हायचीत हो बाई. नोंद खोडता येत नव्हती, खोडायला बाईंचा हात धजलाही नसता. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. घरात जितक्या मुली लग्नाच्या, तितक्या स्पेस आईच्या नावापुढं. चौकशीला कुणी आलं की खिडकीवरची बाई नाव काढून एंडची कळ दाबायची. कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून थांबला तर सांगायला हरकत नाही. दोन जागा पुढं जाऊन थांबला तर म्हणायचं, कागद सापडत नाहीत हो, उंदरांनी खाल्ले.

आणि एका मुलीचं लग्न झालं की तिची आई पेढे घेऊन यायची. बाई एक स्पेस खोडायच्या.

मी म्हटलं, बाई, हे तर सरळ लपवणं झालं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"लपवणं अर्धंच होतं. स्पेस खोडली की मी आईला बजावायची, आता हिला घेऊन ये आणि डॉक्टरला दाखव. जिचं झालं तिला आणायचंच, हा माझा करार होता. किती पोरी तपासल्या त्यापायी."

मग त्यांनी मला विचारलं, तू कुणाची. मी सांगितलं, आप्पासाहेब चौगुल्यांची धाकटी. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. अगदी हळू म्हणाल्या, "तुझं झालं का गं लग्न?"

जन्मभर हा प्रश्न ऐकत आलेय. दोन स्थळं मला पटली नाहीत, तिसरं पटलं तर त्याला मी पटले नाही, पुढं आई गेली आणि कुणी बघायचं राहिलं. मला वाटलं, ऐंशी ओलांडली तरी बायांना दुसरं काही सुचत नाही. नाही झालं, म्हणाले, जरा तोडूनच.

"मग तुझी राहिलीच असणार," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऑफिसात येऊन मी त्या दिवशी पहिल्यांदा नावं वाचली. सुमती आप्पासाहेब चौगुले. पुढं एक स्पेस. सत्त्याण्णव साली दोन घातलेल्या. दोन हजार एकच्या जानेवारीत एक खोडलेली. माझ्या थोरल्या बहिणीचं, पद्मजाक्काचं लग्न त्याच्या आदल्या महिन्यात झालं होतं.

डॉक्टरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. हृदयाची लय मधेच बिघडते. वंशगत. दचकल्यानं, अचानक मोठ्या आवाजानं शुद्ध हरपते, बहिणीचा असाच मृत्यू. रोज गोळी घ्यावी, मुलींची तपासणी करावी.

आई दोन हजार तीन साली गेली. सकाळी स्वयंपाकघरात फडताळावरून पितळी घागर पडली, आणि आई पडली. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, कुणाला त्रास दिला नाही. ती एक गोळी घ्यायची, बीपीची म्हणायची, कधी विसरायची. मीही दोनदा चक्कर येऊन पडले आहे. एकदा बँकेत भोंगा वाजला तेव्हा, आणि एकदा दशलक्षण पर्वात, शेजारी सुतळी बाँब फुटला तेव्हा. उपवासानं झालं म्हणून मला सरबत पाजलं होतं. तेहतीस वर्षं मी आईविना काढली, पण तिचा इतका राग मला कधी आला नव्हता.

हा आजार आईकडून मुलाला उतरायची शक्यता निम्मी निम्मी. पण माहीत असला तर एका गोळीवर माणूस म्हातारं होतं. बाळंतपणानंतरचे दिवस मात्र फार जोखमीचे, तेव्हा डॉक्टरला ठाऊक नसलं तर बाई हकनाक जाते. हे मी वाचलं आणि मला आर्जवी आठवली. अक्काची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची. एकोणीस दिवसांवर तिचं लग्न होतं.

शनिवारी मला काम पुरं करून द्यायचं होतं. शेपटी छाटली की आईची नोंद जुळणार, आणि पत्र तिघींना जाणार: अक्काला, मला, आर्जवीला. आणखी एकाला जाणार होतं. आता साखरपुड्यातच नवरा-नवरीची आरोग्य-खाती जोडतात, पत्रिकेला कोण विचारतो! म्हणजे आर्जवीचं पत्र समकितलाही दिसणार होतं, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, आणि त्याच्या मागं त्याच्या घराला.

बुधवारी मी इचलकरंजीला अक्काकडं गेले. घरात लग्नघाई चाललेली, पलंगभर आहेराच्या साड्या. अक्काला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि अडलेल्या तीनशे अठरा नोंदी, मगदूमबाईंची युक्ती, आईची नोंद, जाणारं पत्र, एवढं सांगितलं. ती साड्यांच्या घड्या मोजत ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, एवढं लग्न होऊ दे, पमे. बाकीची तीनशे सतरा खुशाल छाट, आईची तेवढी राहू दे. एकोणीस दिवसांचा तर प्रश्न आहे, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी आयुष्यात तुझ्याकडं काही मागितलं नाही, हे एक मागणं म्हणून समज.

आईला कसला आजार होता, हे तिनं विचारलंच नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं. आईबद्दल, तिची नोंद अडली आहे आणि पत्र जाणार आहे, एवढंच म्हणाले होते.

मग मगदूमबाईंचा करार आठवला. जिचं झालं तिला आणायचंच.

"अक्का, तू गोळी कधीपासून घेतेस?"

ती पलंगावर बसली. साड्या बाजूला सारत म्हणाली, "लग्नानंतर चार महिन्यांनी. आई घेऊन गेली होती."

"आणि मी?"

"तुझं व्हायचं होतं."

मग तीच सांगत सुटली. आईनं शपथ घातली होती, पमीचं ठरेपर्यंत तिलासुद्धा बोलायचं नाही, पोरीच्या तोंडातून कुठं निसटलं तर संपलं. आई गेल्यावर, म्हणाली, मला वाटलं, आता तुझं बघू, ठरलं की सांगू. चाळिशी आली तेव्हा वाटलं, आता सांगावं, पण इतकी वर्षं का नाही सांगितलं म्हणशील. पन्नाशी आली तेव्हा वाटलं, अजून काही झालं नाही म्हणजे तुला नसेलच. दर दिवाळीला फटाके वाजले की मी तुला फोन करत होते, म्हणाली. ते खरं होतं. दर वर्षी तिचा फोन यायचा आणि मला वाटायचं, बहिणीची माया. मायाच होती ती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पस्तीस वर्षं माझा जीव टांगणीला लावून ती स्वतः रोज सकाळी गोळी गिळत होती, आणि आता आर्जवीलाही तसंच टांगायला निघाली होती. मी एवढंच म्हणाले, अक्का, तुझी मुलगी आहे ती. आणि न जेवता बाहेर पडले. आमच्यात कुणी न जेवता जात नाही.

गुरुवारी मी कुलवेधच्या वरच्या कार्यालयाला फोन केला. या तीनशे अठरा घरांना नुसतं पत्र पाठवू नका, गावोगावच्या आशाताईंच्या हाती पाठवा, घरी बसून कुणीतरी समजावून सांगेल, असं म्हणाले. तिथल्या साहेबानं नियम सांगितले. मी माझा आवाज ऐकवला. अर्ध्या तासानं तो कबूल झाला. लग्न न झालेल्या मुली असतील अजून, माझ्यासारख्या. त्यांना मशीननं सांगावं हे माझ्या मनाला पटेना.

शुक्रवारी दुपारी आर्जवीला ऑफिसात बोलावलं. सुताच्या कंपनीत ती धाग्याचा ताण तपासते, रोखठोक पोर आहे. आजीची नोंद तिच्यापुढं उघडली, कर्सर शेवटी नेला आणि अक्षर आणि कर्सर यांच्यातली ती एक जागा दाखवली. ही माझी, म्हटलं. मग आजार सांगितला, निम्मी शक्यता सांगितली, पत्र कुणाकुणाला जाईल ते सांगितलं. तिच्या आईचंही सांगितलं.

ती रडेल, चिडेल, लग्नाचं विचारेल असं मला वाटलं होतं. तिनं माझा हात धरला.

"मावशी, तू तपासलंस का?"

तीन दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मला जे रडू आलं, ते खालच्या बियाण्याच्या दुकानात ऐकू गेलं असणार.

मग ती फोन घेऊन जिन्यात गेली. पत्रानं कळण्याआधी समकितला मी सांगणार, म्हणाली. वीस मिनिटं लागली. आत आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. तो घरी बोलतो म्हणालाय, म्हणाली. 'बघू' म्हणाला. मी म्हटलं, आर्जवी, आईची नोंद सोमवारपर्यंत अडवून ठेवते हवं तर. ती म्हणाली, काढ ती स्पेस. मी काढली. मग बाकीच्या तीनशे सतरा. मगदूमबाई म्हणाल्या होत्या तसं, आता तपासायला यायची वेळ झाली होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी सांगलीला डॉक्टरांकडं गेलो. छातीचा आलेख काढला, रक्त दिलं. दोघींनाही आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, एवढी वर्षं काही औषध न घेता कशी राहिलात. नशीब बलवत्तर, मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते!

लग्नाची तारीख पुढं गेली. समकितच्या आईनं दोन महिने खळखळ केली, आणि तिला मी दोष देत नाही, नातवंडांचा प्रश्न कुणालाही पडेल. एके दिवशी समकित एकटाच आमच्या डॉक्टरांना भेटून आला आणि घरी म्हणाला, मी वही भरून प्रश्न विचारले, आता तुमच्याकडं नवीन काही असेल तर सांगा. नवीन काही नव्हतं. मे महिन्यात लग्न झालं. बँड नाही, डॉल्बी नाही, एक फटाका नाही. मांडवात लोक कुजबुजले, हे लग्न आहे की स्वाध्याय. आर्जवी खुशीत होती.

अक्का आणि मी त्या मांडवात दोन टोकांना बसलो. मी तिच्याशी बोलत नव्हते. खरं सांगायचं तर मला क्षमा करता येत नव्हती, आणि येत नाही याचंच रडू यायचं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन यायला लागला. रोज सकाळी साडेसातला. दुसरं काही बोलायची नाही, फक्त विचारायची, "घेतलीस?" मी म्हणायची, घेतली, आणि ठेवून द्यायची. जून गेला, जुलै गेला. घेतलीस? घेतली.

परवा साडेसातला फोन आला नाही. मी पोहे केले, खाल्ले नाहीत. आठ वाजले. मशीनं चालू केली, नजर घड्याळावर. सव्वाआठला मला आईचं ते स्वयंपाकघर दिसायला लागलं, फरशीवर गडगडत गेलेली घागर. मग मीच फोन लावला. सहा वेळा वाजला.

"हां, पमे," अक्का म्हणाली. "अगं, मोबाईल चार्जिंगला होता."

"तू घेतलीस का?" मी विचारलं.

मग ती रडतेय हे मला कळलं. घेतली, म्हणाली. मी म्हटलं, बरं, ठेव आता. तिनं ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.